एनडीएखाली लिहिलेला कोड पुन्हा वापरायचा असेल तर

नव्या नोकरीत पहिल्या महिन्यातच हा प्रसंग येतो. मागच्या कंपनीत करून झालेलं कामच पुन्हा समोर येतं: फसलेली विनंती पुन्हा पाठवणारं फंक्शन, वेड्यावाकड्या तारखा वाचणारा पार्सर, लॉग छाटणारी स्क्रिप्ट. चाळीसेक ओळींचा मामला. आपणच लिहिलेला, जवळजवळ तोंडपाठ. तो उचलला तर बिघडलं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण कोड लिहिणारा एक आणि त्याचा मालक दुसरा असू शकतो, हे पहिल्या नोकरीत कुणी नीट सांगत नाही.

नोकरीत मिळवलेलं कौशल्य तुमच्यासोबत जातं. फाइल जात नाही, आणि कंपनीची गुपितंही जात नाहीत, मग ती फाइलमध्ये असोत की तुमच्या डोक्यात. या तिन्हींची वाटणी कशी करायची ते पुढे दिलं आहे.

दोन कुलुपं आहेत, एक नाही

पहिलं कुलूप कॉपीराइटचं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडाचा पहिला मालक बहुतेक देशांत नोकरी देणारा असतो. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17, ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याचं कलम 11 आणि अमेरिकेत ‘वर्क मेड फॉर हायर’ हे तत्त्व, तिन्हींचा अर्थ जवळपास एकच. त्यासाठी नोंदणी लागत नाही, फाइलच्या डोक्यावर नोटीस लागत नाही, वेगळी सहीसुद्धा लागत नाही. करारात उलट काही लिहिलेलं असेल तरच चित्र बदलतं.

दुसरं कुलूप गोपनीयतेचं, म्हणजे तुम्ही सही केलेला एनडीए (माहिती बाहेर न फोडण्याचा करार). कॉपीराइट मजकुराला लागतो, कल्पनेला नाही. 1994 च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 9 मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. एनडीएचं उलट आहे. तो माहिती अडवतो, ती कुठल्या शब्दांत मांडली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे तोच तर्क नव्या शब्दांत, दुसऱ्या भाषेत लिहिला तर कॉपीराइटचा प्रश्न कदाचित सुटेल, पण तो तर्कच गुपित असेल तर एनडीए मोडलेलाच राहतो. आणि एनडीएची तीन वर्षांची मुदत संपली म्हणून कॉपीराइट संपत नाही, तो अनेक दशकं चालतो. नवखे लोक बहुधा इथेच फसतात. एनडीएवरची तारीख पाहतात, ती उलटून गेली की मोकळे झालो असं समजतात.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी सुरुवातच वेगळी आहे. तुम्ही नोकर नसाल तर सर्वसाधारणपणे कोड लिहिताक्षणी तुमचा असतो आणि लेखी करारानेच तो क्लायंटकडे जातो. भारतीय कायद्यात तर अशा हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अर्थात क्लायंटचे वकील हे जाणतात. ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ हे वाक्य बहुतेक करारात असतंच, म्हणून आधी वाचा.

पायरी 1: कागद काढा

फक्त एनडीए पुरत नाही. नियुक्तीचा करार, बौद्धिक संपदेचं परिशिष्ट, कर्मचारी पुस्तिका, क्लायंटसाठी वेगळं काही सही केलं असेल तर ते, आणि नोकरी सोडताना सही केलेला कागद, हे सगळं एकत्र ठेवा. शेवटचा कागद लोक न वाचता सही करतात. ‘माझ्याकडे कंपनीची कोणतीही सामग्री नाही’ असं त्यात लिहिलेलं असतं, आणि घरच्या लॅपटॉपवर एक जुना क्लोन, म्हणजे कंपनीच्या कोडाची प्रत, पडलेला असतो.

वाचताना चार जागा शोधा. ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या: ती ‘गोपनीय असा शिक्का असलेली’ इतकी अरुंद आहे की ‘नोकरीदरम्यान समजलेलं सगळं’ इतकी रुंद? अपवाद: सार्वजनिक असलेली, आधीपासून माहीत असलेली, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेली आणि स्वतंत्रपणे विकसित केलेली माहिती बहुतेक करारांत वगळलेली असते. मुदत: ठरावीक वर्षं, की व्यापारी गुपितांसाठी ‘गुपित राहील तोपर्यंत’? आणि चौथी, सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे ‘पूर्वीच्या निर्मिती’चा तक्ता. रुजू होण्याआधी तुम्ही काय काय बनवलं होतं ते त्यात लिहायचं असतं. बहुतेक जण तो कोरा ठेवतात, नाहीतर ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. पुढे स्वतःची जुनी लायब्ररी कामात वापरली की ती आधीची होती हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

क्वचित एखाद्या करारात ‘रेसिड्युअल्स’ नावाचं कलम सापडतं. मुद्दाम पाठ न करता जे सहज लक्षात राहिलं ते वापरायला हरकत नाही, असा त्याचा आशय असतो. सापडलं तर नशीब म्हणा, पण त्याने सहसा कॉपीराइटची परवानगी मिळत नाही.

स्पर्धकाकडे नोकरी न करण्याचं कलम हा स्वतंत्र विषय आहे. ते काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी रद्दबातल ठरतं. पण ते रद्द ठरलं म्हणून गोपनीयतेचं कलमही गेलं, असं होत नाही.

पायरी 2: कोडाचे ढीग करा

हवा असलेला कोड आठवा. उघडू नका, आठवा. मग त्याचे तुकडे वेगळे करा. एक उदाहरण जवळून पाहू.

समजा, मागच्या कंपनीत तुम्ही एका पेमेंट सेवेला विनंती पाठवणारं फंक्शन लिहिलं होतं. विनंती फसली की 200 मिलिसेकंद थांबायचं, मग 400, मग 800, दर वेळी दुप्पट. 30 सेकंदांच्या वर जायचं नाही. सगळी मशीन एकाच क्षणी पुन्हा तुटून पडू नयेत म्हणून थांबण्याच्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा. ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. इथरनेटमध्ये टक्कर झाली की नेमकं हेच होतं: थांबण्याची कक्षा दुप्पट होत जाते, दहाव्या टकरीनंतर वाढ थांबते आणि 16 प्रयत्न फसले की ती फ्रेम टाकून देतात. कुठल्याही नेटवर्किंगच्या पाठ्यपुस्तकात हे मिळेल. हा पहिला ढीग. तो तुमचा, माझा, सगळ्यांचा.

पण त्याच फंक्शनमध्ये एक टेबल होतं: कोणत्या एररवर पुन्हा प्रयत्न करायचा आणि कोणत्यावर अजिबात नाही. एका ठरावीक एररवर ‘नाही’ लिहिलं होतं, कारण ती सेवा ‘अयशस्वी’ म्हणते तेव्हाही पैसे कापलेले असतात, हे टीमला बरंच भोगून कळलं होतं. प्रयत्नांची मर्यादा 7 होती, कारण आठव्याला भागीदार कंपनीचा सर्व्हर खातं तात्पुरतं बंद करतो आणि त्यांनी ते एनडीएखाली सांगितलं होतं. हा दुसरा ढीग. टेबल आणि तो 7 चा आकडा म्हणजे गुपित. पाठ असला तरी तो तुमचा नाही.

तिसरा ढीग म्हणजे प्रत्यक्ष मजकूर: नावं, कॉमेंट, फंक्शनची मोडणी, टेस्ट. तो कॉपीराइटखाली कंपनीचा.

कुठला तुकडा कुठल्या ढिगात, हे ठरत नसेल तर एकच प्रश्न विचारा: जुनी फाइल न पाहता, फक्त सार्वजनिक कागदपत्रांवरून, याच क्षेत्रातला अनोळखी माणूस हे उभं करू शकेल का? ‘हो’ आलं तर पहिला ढीग. ‘नाही, त्याला आमच्या ग्राहकांचा डेटा लागेल’ असं आलं तर दुसरा.

ओपन सोर्सचा वेगळा घोळ असतो. कंपनीच्या रेपोमध्ये (कोडाच्या साठ्यात) ओपन सोर्स लायब्ररी होती, म्हणून तिथून उचलली, असं करू नका. मूळ जागेवरूनच घ्या, कारण कंपनीच्या प्रतीत कंपनीचे बदल मिसळलेले असतात. ‘पण ती जीपीएल होती, म्हणजे बदलही खुलेच’ हा युक्तिवाद टिकत नाही. जीपीएल म्हणजे बदललेला कोड इतरांना दिला तर तोही खुला ठेवायला लावणारा परवाना. जीपीएलचा कोड स्वतःपुरता बदलून आतच वापरला आणि बाहेर कुणाला दिला नाही, तर ते बदल खुले करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. कर्मचाऱ्याने तो घरी नेला, हे ‘वितरण’ नव्हे.

पायरी 3: परवानगी मागा, आणि नोकरीत असतानाच मागा

सर्वांत स्वच्छ मार्ग हाच. लोक तो वापरत नाहीत, कारण ‘नाही’च येणार असं गृहीत धरतात. ‘माझा कोड मी वापरू का’ असं मोघम विचारलं तर खरंच ‘नाही’ येतं. लीगल विभागाला ज्याची व्याप्ती दिसत नाही त्याला तो ‘हो’ म्हणत नाही. म्हणून नेमकं मागा. मजकूर साधारण असा असावा:

‘रिपोर्टिंग मॉड्यूलमधल्या तारीख-पार्सरच्या 2 फाइल्स, एकूण 340 ओळी, एमआयटी परवान्याखाली खुल्या करण्याची परवानगी हवी आहे. यात ग्राहकांचा डेटा, पासवर्ड, अंतर्गत पत्ते किंवा व्यवसायाचे नियम नाहीत. तपासलेली प्रत अंतर्गत रेपोच्या या शाखेत ठेवली आहे. कॉपीराइट कंपनीच्याच नावावर राहील.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मालकी मागू नका, परवाना मागा. कंपनीने स्वतःच्या नावाने कोड खुला केला की तुम्हीही जगातल्या कुणाहीसारखे, परवान्यातली नोटीस कायम ठेवून, तो पुढच्या नोकरीत वापरू शकता. कंपनीला काही गमवावं लागत नाही, उलट थोडं नाव होतं.

इथे दोन गोष्टी चुकतात. टीम लीडने चहा पिता पिता दिलेला ‘हो’ म्हणजे परवानगी नव्हे. कंपनीतर्फे सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते विचारा आणि लेखी घ्या. दुसरं, कोड क्लायंटसाठी लिहिलेला असेल तर तुमच्या कंपनीकडेही तो देण्याचा हक्क नसू शकतो, तिथे क्लायंटची संमती लागते. आणि ‘हो’ आल्यावर ते पत्र तुमच्या हातात असायला हवं. कंपनीचा मेल नोकरी संपताच बंद होतो. पण म्हणून मेलचा अख्खा धागा वैयक्तिक पत्त्यावर पाठवत बसू नका, कारण तोच एनडीएचा भंग ठरू शकतो. सही केलेलं एक पानी पत्रच मागून घ्या.

बाहेरच्या ओपन सोर्स प्रकल्पात कोड देतानाही हे पत्र लागतं. लिनक्स कर्नलमध्ये 2004 पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ लागते. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असं तुम्ही तिथे स्वतःच्या नावाने लिहून देता. अपाचे फाउंडेशनच्या वैयक्तिक करारात तर, तुमच्या कामावर मालकाचा हक्क असेल तर त्याची परवानगी घेतली आहे किंवा त्याने तो हक्क सोडला आहे, असं कबूल करावं लागतं.

पायरी 4: परवानगी नसेल तर नव्याने लिहा

नव्याने म्हणजे खरोखर नव्याने. जुनी फाइल एका खिडकीत उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीत नावं बदलत जाणं ही नक्कलच. ती पकडणं कठीणही नाही. मॉस आणि जेप्लॅगसारखी साधनं 1990 च्या दशकापासून आहेत. ती नावं आणि मोकळ्या जागा बघतच नाहीत, रचना बघतात. त्याहून घातक असतात चुका. कॉमेंटमधलं तेच चुकलेलं स्पेलिंग किंवा कधीच न वापरलेला तोच एक पॅरामीटर दोन्हीकडे निघाला, की योगायोग म्हणून सांगणं जड जातं.

एआय सहायकाला जुना कोड देऊन ‘वेगळ्या शैलीत लिही’ म्हटल्याने तो धुतला जात नाही. निघालेला मजकूर जुन्यावरूनच बेतलेला असतो, आणि पेस्ट करताक्षणी तुम्ही गोपनीय मजकूर तिसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवलेला असतो. एका चुकीच्या दोन होतात.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी नव्या कामाची गरज स्वतःच्या शब्दांत लिहा: काय आत येतं, काय बाहेर जातं, काय फसू शकतं. ही गरज नव्या कंपनीच्या कामातून आलेली हवी, जुन्या कंपनीच्या आठवणीतून नाही. मग सार्वजनिक आधार गोळा करा आणि प्रत्येकाशेजारी तो पाहिल्याची तारीख टाका. वरच्या उदाहरणात प्रयत्नांची मर्यादा ठरवायची असेल तर सेवेचे सार्वजनिक दस्तऐवज वाचा आणि नव्या यंत्रणेवर मोजून बघा. मोजून 5 आले तर 5. योगायोगाने 7 च आले तरी चालेल, पण मोजमापाची नोंद ठेवा. मग लिहा, आणि छोट्या छोट्या कमिटमध्ये (जतन केलेल्या बदलांच्या नोंदींत) लिहा. पहिल्याच कमिटमध्ये 900 ओळी, त्याही एकही बग नसलेल्या, आल्या तर पाहणाऱ्याला त्या कुठून आल्या असा प्रश्न पडणारच. अडखळत, चुका दुरुस्त करत गेलेला इतिहास हा स्वतंत्र निर्मितीचा चांगला पुरावा असतो.

‘क्लीन रूम’ हा शब्द लोक सैलपणे वापरतात. खऱ्या क्लीन रूममध्ये दोन गट असतात. एक मूळ वस्तू पाहून फक्त ती काय करते ते लिहितो, दुसरा ते वाचून कोड लिहितो आणि त्याने मूळ कधीच पाहिलेलं नसतं. 1980 च्या दशकात आयबीएमच्या पीसीशी सुसंगत बायोस (संगणक सुरू करणारा मूळ कोड) फिनिक्स टेक्नॉलॉजीजने असाच बनवला. मूळ कोड तुम्हीच लिहिला असेल तर तुम्ही दुसऱ्या गटात बसूच शकत नाही. एकट्याने केलेलं नव्याने लिहिणं उपयोगी आहे, पण त्याला क्लीन रूम म्हणू नका.

हा फरक कोर्टात कसा दिसतो ते ‘कम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताय’ या अमेरिकी खटल्यात पाहावं. पहिल्या कंपनीतून दुसरीकडे गेलेल्या एका प्रोग्रॅमरने जुना सोर्स सोबत नेला आणि अल्तायच्या ऑस्कर नावाच्या प्रॉडक्टच्या 3.4 आवृत्तीत सुमारे 30 टक्के कोड त्यातून आला. नव्या कंपनीच्या वरिष्ठांना हे ठाऊकच नव्हतं, ते 1988 मध्ये दावा दाखल झाल्यावर कळलं. मग त्यांनी जुना कोड कुलपात टाकला, त्या माणसाला कामापासून दूर ठेवलं आणि तो कोड कधीच न पाहिलेल्या 8 प्रोग्रॅमरांकडून तेवढा भाग सुमारे सहा महिन्यांत पुन्हा लिहून घेतला. निकालात 3.4 आवृत्तीसाठी 3,64,444 डॉलर भरावे लागले. नव्याने लिहिलेली 3.5 आवृत्ती कॉपीराइटच्या कसोटीवर सुटली आणि 1992 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं.

पायरी 5: निघताना

कोड फक्त रेपोमध्ये नसतो. एडिटरची लोकल हिस्टरी, पॅकेजचा कॅश, टर्मिनलची हिस्टरी, क्लाउडशी जोडलेलं फोल्डर, फोनमधले स्क्रीनशॉट, एआय सहायकाशी झालेलं जुनं संभाषण, वैयक्तिक खात्यावरचं एखादं विसरलेलं गिस्ट (ऑनलाइन ठेवलेला कोडाचा तुकडा). गिटहबवर संस्थेतून तुम्हाला काढलं की तिच्या खाजगी रेपोचे तुमचे फोर्क (तुमच्या खात्यावरच्या प्रती) जातात, पण मशीनवरचे क्लोन तसेच राहतात.

हे सगळं स्वतःच्या मशीनवर सापडलं तर गुपचूप पुसू नका. नोटीस काळात आयटीला लेखी कळवा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे परत करा किंवा पुसा, आणि ‘पुसलं’ अशी पोच घ्या. शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर काहीही घेऊ नका. घरचे फोटो किंवा पगाराच्या पावत्या घ्यायच्या असतील तर आयटीतल्या माणसाला शेजारी बसवून घ्या. बऱ्याच कंपन्यांत यूएसबी, अपलोड आणि क्लोनच्या नोंदी राहतात, आणि वाद झाला की आधी शेवटचे तीस-चाळीस दिवसच उघडले जातात. स्वयंचलित गाड्या बनवणाऱ्या वेमोने उबरवर 2017 मध्ये केलेल्या दाव्याचा गाभाच, एका अभियंत्याने कंपनी सोडण्याआधी सुमारे 14,000 फाइल्स उतरवून घेतल्या, हा होता.

मुलाखतीत आणि पोर्टफोलिओत काय दाखवायचं? प्रश्न कोणत्या प्रकारचा होता, तुमचा वाटा काय, कोणती सार्वजनिक साधनं वापरली, इतकं बोलता येतं. स्क्रीनशॉट, आर्किटेक्चरची आकृती, ग्राहकाचं नाव, अंतर्गत आकडे नाही. नमुना हवाच असेल तर त्याच प्रकारचा छोटा प्रकल्प बनावट डेटावर, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या वेळेत नव्याने बांधा. जुन्या कंपनीचा कोड बिनधास्त दाखवणारा उमेदवार उद्या आपलाही दाखवेल, हे मुलाखत घेणाऱ्याला कळतंच.

कोड आधीच नव्या रेपोमध्ये गेला असेल तर

पहिली प्रतिक्रिया असते ती फाइल उडवायची आणि इतिहास फोर्स-पुशने पुसायची. तसं करू नका. सहकाऱ्यांच्या क्लोनमध्ये, बॅकअपमध्ये आणि बिल्ड सर्व्हरवर ती उरतेच, आणि पुसण्याचा प्रयत्न लपवाछपवी म्हणून दिसतो. उसना घेतलेला कोड ही चूक म्हणून मिटू शकते, पुरावा नष्ट करणं तसं मिटत नाही.

त्या फाइलवरचं काम त्याच दिवशी थांबवा. पुन्हा उघडू नका, कुणाला पाठवू नका. काय, कधी, किती ओळी आणि कोणत्या आवृत्तीत गेलं ते एका पानावर लिहा. आधी स्वतःच्या वकिलाशी बोला, कारण कंपनीचा वकील कंपनीचा असतो, तुमचा नाही. मग नव्या कंपनीच्या लीगलला लेखी कळवा. त्यांना राग येईल, पण ग्राहकापर्यंत जाण्याआधी समजलेली गोष्ट त्यांना हाताळता येते.

त्यानंतर तो भाग दुसरं कुणीतरी नव्याने लिहील. तो माणूस तुमच्या शेजारच्या टेबलावर बसत असला तरी त्या काळात त्याला मदत करायची नाही. ‘इथे किती प्रयत्न ठेवू?’ असं त्याने सहज विचारलं तरी त्याला दस्तऐवज वाचून स्वतः मोजायला सांगा.